निवडून टाकलेले दाणे

सतरा वर्षं मी मक्यातलं विष शोधायचं काम केलं. कुठे चार पाहुणे जमले आणि कोणी विचारलं, "आपण काय करता?" की मी मुद्दाम असंच सांगायचो. लोक जरा सरकून बसायचे, आणि मला ते आवडायचं. आता कोणी विचारलं तर कारखान्यात होतो म्हणून विषय बदलतो.

कारखाना पशुखाद्याचा. माझी प्रयोगशाळा म्हणजे वजनकाट्याला लागून असलेली दहा बाय बाराची खोली. एक दळणयंत्र, एक तराजू, स्पिरिटच्या बाटल्या, तपासणीच्या पट्ट्या आणि त्या पट्ट्या वाचून आकडा सांगणारं लहानसं मशीन. खिडकीबाहेर ट्रक उभे. ट्रक आला की पोरं त्यावर चढायची आणि परखी, म्हणजे पोत्यात खुपसायची टोकदार नळी, दहा-बारा ठिकाणी खुपसून पाच किलो मका काढायची. तो माझ्याकडे यायचा. दळायचा, स्पिरिटात हलवायचा, गाळायचा, पट्टी बुडवायची. पंधरा मिनिटांत आकडा. वीसच्या आत असला तर ट्रक आत, वर गेला तर माघारी. वीस म्हणजे एक अब्ज भागांत वीस भाग. एवढंसं विष, पण कोंबड्यांच्या आणि गुरांच्या यकृतात जाऊन बसतं, दुधातही उतरतं. मका नीट वाळवला नाही की त्यावर हिरवट बुरशी धरते, तिच्यातून हे येतं. अफ्लाटॉक्सिन त्याचं नाव. त्याला वास नाही, चव नाही, आणि भाजल्या-शिजवल्यानं ते जात नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच अडलं. हे विष पोत्यात सारखं पसरलेलं नसतं. हजार दाणे अगदी निर्मळ असतात आणि एखादाच काळवंडलेला, तडकलेला दाणा विषानं ठासून भरलेला असतो. म्हणून तर इतक्या ठिकाणी परखी खुपसायची आणि आलेला सगळा मका जसाच्या तसा दळायचा. हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी घडाघडा सांगितलं असतं. नव्या पोरांना मी ते सांगायचोही, जरा जास्तच ऐटीत.

मावशींना मात्र सांगितलं नाही.

मावशी आमच्याकडे आल्या तेव्हा पन्नाशीच्या पुढे होत्या. त्याआधी तीस वर्षं त्यांनी एका धान्याच्या गोदामात निवडायचं काम केलं होतं. पोत्यामागे मजुरी. समोर ढीग ओतायचा आणि खडे, काडी, किडका दाणा, काळा दाणा वेचून बाजूला टाकायचा. पुढे त्या गोदामात निवडायचं यंत्र आलं आणि बायकांना घरी पाठवलं. आमच्या दळणयंत्राचं पातं त्याच सुमारास खड्यानं दोनदा मोडलं होतं. मालक माझ्यावर डाफरले होते. मी म्हटलं, दळायच्या आधी खडे वेचायला एक माणूस द्या. अशा मावशी आल्या.

पहिल्या दिवशी मी परात दाखवली, मक्याचा नमुना दाखवला, म्हणालो, "मावशी, दळायच्या आधी यातले खडे काढायचे. पातं मोडतं."

"बरं," त्या म्हणाल्या आणि बसल्या. आमचं प्रशिक्षण एवढंच. दीड मिनिटही लागलं नसेल.

त्यांचे हात बघत राहावेत असे होते. परातीत मका पसरला की डावा हात तो पुढे सारायचा आणि उजव्या हाताची चिमटी मधूनच टिपून उचलायची. नजर दाण्यांवर, तोंडानं आमच्याशी गप्पा. पोरांनी आठवड्यात नाव ठेवलं, चिमटीमावशी. त्यांना राग नव्हता. "अरे, माझ्या सासूनं यापेक्षा वाईट नावं ठेवली होती," म्हणायच्या आणि पोरांना हसवायच्या. परातीशेजारी त्यांचा पत्र्याचा डबा असायचा. त्यात खडे पडायचे तेव्हा टण आवाज यायचा, आणि दाणे पडायचे तेव्हा बारीक टप टप आवाजही यायचा.

तो टप टप आवाज मी चौदा महिने ऐकला. हे मला लपवायचं नाही. मी काही बहिरा नाही, आंधळाही नाही. त्या काळे दाणे वेचत होत्या, हे मी रोज पाहत होतो. तीस वर्षं सवय झालेला हात खराब दाणा बघून पुढे जाईल कसा? त्यांना ते सांगायला हवं होतं आणि सांगणं माझं काम होतं. पण नमुना इतका देखणा व्हायचा! पिवळाधमक, एकसारखा. पातं एकदाही मोडलं नाही. आणि आकडे उतरले. चार, सहा, तीन. क्वचित अकरा. माघारी जाणारे ट्रक जवळजवळ थांबले. मालक खूश झाले, वर्षाच्या शेवटी सगळ्यांसमोर म्हणाले, "आपल्या तपासणीवाल्या साहेबांनी पुरवठादारांना वचकच बसवलाय!" टाळ्या वाजल्या. मी मान लववून त्या घेतल्या. एवढे आकडे एकाएकी उतरले कसे, असा प्रश्न त्या हॉलमध्ये एकट्या मला पडायला हवा होता. स्वतःचं कौतुक चाललं असताना प्रश्न विचारायची मला सवय नव्हती.

मावशी लेकीबरोबर राहायच्या. जावई वारला होता, पदरात एक लहान मुलगी. लेक शिवणकाम करायची, पण त्यात भागत नव्हतं. मग तिनं घरामागच्या मोकळ्या जागेत बदकं पाळायचं ठरवलं. अंडी घ्यायला एक बेकरीवाला तयार होता. साठवलेलं होतं नव्हतं ते घालून तिनं पन्नास पिल्लं आणली. मावशी त्या दिवसांत नुसत्या बदकांवरच बोलायच्या. कोणतं पिल्लू लंगडं, कोणतं भांडखोर, नात कुणाला काय हाक मारते, सगळं आम्हाला पाठ झालं होतं.

एका दुपारी त्या डबा घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या.

"साहेब, यातले खडे काढून उरलेले दाणे घरी नेऊ का? रोज उकिरड्यावरच जातात. पिल्लांना होतील."

मी नोंदवहीत आकडे चढवत होतो. वर बघितलंही नाही. "न्या की, मावशी. कचराच तर आहे."

त्यांनी मालकांना नाही विचारलं, मला विचारलं. पोरांना नाही विचारलं, मला विचारलं. मक्यातलं विष कळणारा त्या आवारात मी एकटा, म्हणून मला विचारलं. आणि मी वर बघितलं नाही.

पाच-सहा आठवडे गेले असतील. एका सोमवारी मावशी उशिरा आल्या, चेहरा उतरलेला. दोन दिवसांत एकतीस पिल्लं मेली होती. आधी खाईनाशी झाली, मग पाय ओढायला लागली, मग मान मागे टाकून पटापट गेली. जनावरांच्या डॉक्टरनं एक फाडून पाहिलं, यकृत खराब झालंय म्हणाला आणि विचारलं, काय खाऊ घालता?

"मी म्हटलं, आमच्या कारखान्यातला मका. तपासलेला," मावशी मला सांगत होत्या. "तर लेक माझ्यावरच उलटली. म्हणते, तूच आणलेल्या दाण्यात काहीतरी असेल. मी म्हटलं, अगं, साहेबांच्या नजरेखालचा दाणा तो! ती ऐकेना." त्यांनी पिशवीतून कागदाची पुडी काढून माझ्यापुढे ठेवली. "एवढं तपासून द्या. तुमचा शब्द ती मानेल."

पुडीत ओंजळभर दाणे होते. काळपट, तडकलेले, देठापाशी हिरवट झाक असलेले. एका जागी इतके खराब दाणे मी तोवर कधी पाहिले नव्हते. मावशी परातीकडे वळल्या आणि कामाला लागल्या. मी दळले, हलवले, गाळले, पट्टी बुडवली. मशीननं आकडा दाखवलाच नाही, मोजता येण्यापलीकडे आहे असं सांगितलं. मशीन बिघडलं असेल म्हणून, खरं म्हणजे बिघडलेलं असावं म्हणून, मी अर्क दसपट पातळ केला आणि पुन्हा तपासला. हिशेब करून आकडा आला अडीच हजारांच्या आसपास. वीसच्या जागी अडीच हजार.

मग मी उठून मावशींच्या परातीपाशी गेलो. नुकत्याच आलेल्या ट्रकचा नमुना होता. मी त्यांना चहा घ्यायला पाठवलं, त्यांच्या डब्यातले दाणे तराजूवर घातले. पाच किलोत शंभर ग्रॅम. ते शंभर ग्रॅम मी परत नमुन्यात मिसळले आणि सगळं दळलं. अठ्ठेचाळीस. ते दाणे परत मिसळले नसते तर त्याच ट्रकला मी चार किंवा पाच लिहून आत सोडलं असतं.

त्या स्टुलावर बसून माझ्या डोक्यात दोन गोष्टी एकदम आल्या. पिल्लांना मावशींनी रोज आमच्या सगळ्या ट्रकच्या नमुन्यांतून वेचून काढलेलं विष खाऊ घातलं होतं, माझ्या परवानगीनं. आणि चौदा महिने मी तपासले ते फक्त चांगले दाणे. वाईट दाणे ट्रकमध्ये बसून आत गेले होते, दळले गेले होते, आमच्या छापाच्या गोण्यांत भरून विकले गेले होते. कुणाच्या कोंबड्यांना, कुणाच्या गाईंना, कुणाच्या घरच्या दुधात, कोण जाणे.

मला घाम फुटला, हे खरं. पण तो कोंबड्यांसाठी नव्हता, गाईंसाठी नव्हता. त्या टाळ्या आठवून फुटला. नोकरी आठवून फुटला. माझा मुलगा तेव्हा कॉलेजात होता, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा बजावलं. माणसाला भ्यायचं असलं की कारणं बरी हाताशी येतात.

मावशी चहा घेऊन आल्या. "झालं का साहेब?"

"झालं," मी म्हणालो. "काही सापडलं नाही. दाणा चांगला आहे."

त्यांचा चेहरा असा खुलला की मला दुसरीकडे बघावं लागलं. "बघा! मी सांगत होते तिला."

मला वाटलं, मी सावरून घेतोय. लगेच सांगितलं की उद्यापासून डब्यातलं काही घरी न्यायचं नाही, मालकांचा हुकूम आहे. आणि यापुढे फक्त खडे वेचायचे, काळा दाणासुद्धा तसाच दळायचा, नवा नियम आलाय.

"काळ्या दाण्यासकट?" त्यांना ते पटेना. "कशासाठी?"

"नियम आहे, मावशी."

त्या दिवसापासून ट्रक माघारी जायला लागले. मालक म्हणाले, यंदाचा मका वाईट दिसतोय. मी म्हणालो, हो, हवामान. गेल्या चौदा महिन्यांबद्दल कोणी विचारलं नाही आणि मी मूग गिळून बसलो. मावशी परातीपुढे बसायच्या, एखादा काळा दाणा दिसला की चिमटी पुढे जायची आणि अडायची. मला वाटायचं, निदान पुढचं तरी मी थांबवलंय. समाधानाचा हा तुकडा मी बरेच दिवस जपून वापरला.

थांबवलं नव्हतं. मावशींच्या घरी झाकणाची एक बादली होती, अडीअडचणीला म्हणून साठवलेल्या दाण्यांची. मी विचारलं नाही आणि त्यांना सांगायचं काही कारण नव्हतं. साहेबांनी दाणा चांगला म्हटल्यावर त्यांनी ती बादली उघडली. उरलेली एकोणीस पिल्लं अशक्त होती, म्हणून त्यांनी दाणा वाढवला. नऊ दिवसांत एकही राहिलं नाही. एवढं मला त्यांनीच सांगितलं, डबा धुता धुता. मी "अरेरे" म्हणालो. खरंच तेवढंच म्हणालो.

पुढच्या वर्षी त्यांचे गुडघे धरले आणि त्यांनी काम सोडलं. मला हलकं वाटलं. परातीपुढे आता एक तरुण बाई आली. तिला मी पहिल्याच दिवशी तासभर बसवून सगळं समजावलं, चित्रं काढून. ती म्हणाली, "साहेब, तुम्ही किती छान समजावता."

दोन वर्षांनी औषधांच्या दुकानाच्या रांगेत मावशी भेटल्या. वाळल्या होत्या. मी तब्येत विचारली, नात किती मोठी झाली विचारलं.

"काय माहीत," त्या म्हणाल्या. "लेक तिला घेऊन गेली. दुसऱ्या शहरात कपड्यांच्या कारखान्यात लागली. फोन करत नाही. मी केला तर दोन शब्द बोलून ठेवते."

"का बरं?"

"त्या बदकांवरनं भांडलो ना आम्ही. शेवटचं पिल्लू मेलं तेव्हा ती रडत होती आणि मला भलता राग आला. म्हटलं, दाणा साहेबांनी तपासलाय, तो चोख आहे. तुझ्याच हेळसांडीनं मेली सगळी. पाणी बदलत नाहीस, जागा झाडत नाहीस. आणि एक वाईट बोलले." त्यांनी औषधांची चिठ्ठी दुमडली. "म्हटलं, नवराही असाच घालवलास. तोंडातून गेलं. आता ते परत कसं घेऊ? पण साहेब, खोटं तरी कुठे होतं? दाण्यात तर काही नव्हतं, तुम्हीच पाहिलंत."

त्या माझ्याकडे बघत होत्या. मी "हो" म्हणालो नाही, "नाही"ही म्हणालो नाही. दुकानदारानं हाक मारली आणि त्या पुढे गेल्या.

त्या रात्री जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं तर पित्त झालंय म्हणालो. खोटं बोलायचा सराव होताच. पण दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि सकाळी उठून मी मावशींच्या घरी गेलो. वाटेत दोनदा परत फिरलो, हेही सांगून टाकतो.

एकच खोली, स्वच्छ झाडलेली. मागचं दार उघडं होतं, पलीकडे जाळीचं रिकामं कुंपण. मावशींनी खुर्ची पुढे केली. मी बसलो नाही. बसलो असतो तर चहा आला असता, आणि चहा प्यायल्यावर माझ्यानं बोलवलं नसतं.

"मावशी, त्या पुडीत विष होतं," मी म्हणालो. "मला त्याच दिवशी कळलं होतं. मी खोटं सांगितलं."

मग सगळं सांगितलं. अडीच हजार, शंभर ग्रॅम, अठ्ठेचाळीस. काळे दाणे वेचू नका हे मी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं, हेही.

"म्हणजे बादलीतल्या दाण्यानं गेली ती एकोणीस," त्या सावकाश म्हणाल्या. "मी वाढवून घातलेल्या."

"तुम्ही माझ्या सांगण्यावर घातला."

"आणि तिनं काही केलं नव्हतं."

"नाही. तिची काही चूक नव्हती."

त्या उठल्या. मला वाटलं, आता तोंडसुख घेतील, आणि मला ते हवं होतं. शिव्या खाल्ल्या असत्या तर मी मोकळा होऊन घरी गेलो असतो. त्यांनी फळीवरचा फोन घेतला, नंबर लावला आणि माझ्यापुढे धरला.

"तुम्ही सांगा. मी सांगितलं तर तिला वाटेल, जवळ बोलवायला आई बनवून सांगतेय."

घंटी वाजत होती. मी फोन ठेवून देईन असं मला वाटलं, आणि मावशींनाही ते वाटलं असावं, कारण त्या दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या. पलीकडून यंत्रांचा आवाज आला, आणि एक थकलेला आवाज म्हणाला, "आई, मी कामावर आहे. आता काय राहिलंय?"

"आई नाही," मी म्हणालो. "कारखान्यातला तपासणीवाला बोलतोय. तुमची बदकं माझ्यामुळे मेली. दाण्यात विष होतं, मला माहीत होतं, आणि मी तुमच्या आईला चांगला आहे म्हणून सांगितलं."

"आईला माहीत होतं?" तिनं विचारलं.

"नाही. मी आत्ता सांगितलं. पाच मिनिटं झाली."

"तिला द्या."

मी फोन पुढे केला. मावशींनी तो दोन्ही हातांनी घेतला, कानाला लावला, पण बोलल्या नाहीत. माझ्याकडे बघत राहिल्या. आता काय हवंय, ते मला क्षणभर कळलंच नाही. मग त्यांनी मानेनंच दाराकडे खूण केली, आणि मी बाहेर पडेपर्यंत त्या लेकीशी एक शब्द बोलल्या नाहीत.